खानदेशी उन्हाळा : ‘भरपूर पाणी प्या’ एवढ्यावर भागतं का?

तापीकाठ (धागाकर्ता)

मंडळी, जरा सविस्तर लिहितो. प्रश्न घरातला आहे आणि विचारावं तो वेगळं उत्तर देतोय.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, वय ७४, मुक्काम रावेर तालुका. बीपीची गोळी बरीच वर्षं चालू. मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकला की घरी येणारा प्रत्येक जण सांगतो, "पाणी पीत राहा." अण्णांनी ते मनावर घेतलं. तांब्या सतत उशाशी. बीपी आहे म्हणून भाजीत मीठ नावापुरतं. उन्हानं जेवणावरची वासना उडालेली, सकाळी चहा-टोस्ट, दुपारी दोन घास भात. हळूहळू गळून गेले, मळमळायला लागलं, आणि एका संध्याकाळी आईला विचारलं, "बैलांना पाणी दाखवलं का?" दावणीला बैल राहून जमाना झाला. आम्हाला वाटलं ऊन लागलं, नाहीतर अर्धांगाचा झटका. पण अंगात ताप नाही, हातपाय चालू. जळगावला नेलं, रक्त तपासलं, सोडियम ११८.

दवाखान्यात हळूहळू वर आणलं. अण्णा आता घरी आहेत, बरे आहेत. पण माझ्या डोक्यात गोंधळ आहे. बीपीसाठी मीठ कमी, उन्हासाठी पाणी जास्त, दोन्ही सल्ले बरोबर, मग दोन्ही एकत्र आले की माणूस असा का होतो? आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात घरातल्या म्हाताऱ्या माणसानं नेमकं काय प्यावं, किती प्यावं? जाणकारांनी कृपया लिहा. बाकीच्यांनी अनुभव लिहा.

धुळेकर

अण्णांना उदंड आयुष्य लाभो. माझ्याकडे उत्तर एका शब्दात आहे : ताक. आमच्या घरी मे महिन्यात पाहुण्याला पाणी विचारत नाहीत, थेट ताकाचा पेला हातात देतात. नको म्हणणाऱ्याचं पुढच्या वर्षी लग्नाच्या यादीतून नाव जातं.

केळीबाग

तापीकाठ, आपण शेजारीच निघालो. अण्णांची काळजी घ्या. याच विषयावर बागेतलं बरंच लिहायचंय, रात्री निवांत लिहितो. आता लाईट आहे तोवर ठिबक सोडून येतो.

स्टेथो

मी खानदेशातच फिजिशियन आहे. एप्रिल ते जून या काळात अण्णांसारखे रुग्ण आमच्याकडे नेहमी येतात, आणि बहुतेकांच्या घरचे "ऊन लागलं" म्हणूनच आणतात. त्यामुळे प्रश्न फार मोलाचा आहे.

रक्तातलं सोडियम साधारण १३५ ते १४५ मिलिमोल प्रति लिटर या पट्ट्यात असतं. ते उतरण्याचा अर्थ दर वेळी "शरीरात मीठ संपलं" असा नसतो. पुष्कळदा मिठाच्या मानानं पाणी जास्त झालेलं असतं. जास्तीचं पाणी लघवीवाटे जातं हे खरं, पण मूत्रपिंड निव्वळ पाणी बाहेर टाकू शकत नाही. त्याला सोबत काही क्षार आणि प्रथिनांपासून तयार होणारा युरिया लागतो. ते येतात जेवणातून. चहा-टोस्ट आणि दोन घास भात यावर राहणाऱ्या माणसाच्या लघवीत टाकायला तेवढे क्षारच नसतात, म्हणून तांब्याभर पाणी आत साठत जातं. त्यात वय झालं की मूत्रपिंडाची लघवी पातळ-घट्ट करण्याची ताकद कमी झालेली असते.

तिसरी गोष्ट गोळी. बीपीच्या बऱ्याच गोळ्यांमध्ये लघवी वाढवणारा घटक असतो : हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन, इंडापामाइड. गोळ्या चांगल्या आहेत, मी रोज लिहून देतो. पण वयस्क माणसात, विशेषतः बायकांमध्ये, त्यांच्यामुळे सोडियम उतरू शकतं. तापीकाठ, अण्णांच्या गोळीच्या पाकिटावर यातलं नाव आहे का बघा. गोळी मनानं बंद करू नका, तेवढं पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जा.

आता बैल का आठवले? रक्तातलं सोडियम उतरलं की पाणी पेशींच्या आत शिरतं आणि पेशी फुगतात. बाकी अवयवांना फुगायला जागा असते, कवटीत नसते. म्हणून पहिली लक्षणं डोक्याची : डोकं दुखणं, मळमळ, गुंगी, असंबद्ध बोलणं, पुढे झटके. सोडियम हळूहळू वर आणलं ते मुद्दाम. २४ तासांत साधारण ८ ते १० पेक्षा जास्त वाढू देत नाहीत. घाईनं वर आणलं तर मेंदूतल्या नसांच्या आवरणाला कायमची इजा होऊ शकते. म्हणून असा रुग्ण घरी मिठाचं पाणी पाजून सुधारायचा प्रयत्न करू नये. बोलण्यात फरक पडला की गाडी काढायची.

अमळनेरकर

डॉक्टरसाहेब, झक्कास समजावलं. भाऊहो, मन्हा आजा शेतमा जातांना मडकामा ताक लई जाये, वर मीठ नि जिरं. संगे भाकर, मिरचीना ठेचा नि कांदा. त्येले कधी ऊन लागनं नही. आतेनी पोरं नुसती थंडगार बाटली पेतस.

रसायनसर

माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. स्टेथो यांनी दवाखान्याची बाजू लिहिली, मी पेशीची लिहितो, कारण ही गोष्ट मला दरवर्षी शिकवताना नव्यानं भारी वाटते.

सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, क्लोराइड, बायकार्बोनेट, फॉस्फेट हे पाण्यात विरघळले की विद्युतभारित कण होतात. यांनाच इलेक्ट्रोलाइट म्हणतात. शरीराची जवळपास सगळी वीज यांच्या ये-जा करण्यावर चालते. पेशीच्या बाहेर सोडियम १४० च्या आसपास, आत जेमतेम १०-१५. पोटॅशियमचं बरोबर उलट : आत १४०, बाहेर ४ च्या आसपास. हा फरक आपोआप टिकत नाही. प्रत्येक पेशीच्या आवरणात एक पंप आहे. तीन सोडियम बाहेर काढतो, दोन पोटॅशियम आत घेतो, आणि विहिरीवरच्या मोटरीसारखा रात्रंदिवस चालू असतो. आपण निजलो असताना शरीर जी ऊर्जा खर्च करतं तिचा पाचवा-चौथा हिस्सा एवढ्या एका कामाला जातो. डेन्मार्कच्या येन्स स्कौ यांनी १९५७ मध्ये खेकड्याच्या नसांवर काम करताना हा पंप शोधला. त्यांना १९९७ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

नसेतून संदेश जातो तेव्हा सोडियम क्षणभर आत घुसतं आणि पोटॅशियम बाहेर येतं. स्नायू आखडतो तो कॅल्शियममुळे, आणि मॅग्नेशियम नसेल तर त्या पंपाला ऊर्जाच वापरता येत नाही. हृदयाचा प्रत्येक ठोका हे सगळे मिळून घडवतात. म्हणून रक्तातलं पोटॅशियम ३.५ ते ५ या अरुंद पट्ट्यात लागतं. ते साडेसहा-सातवर गेलं तर हृदय थांबू शकतं.

निशिगंधा

सर, तुमच्या वर्गात बसायला हवं होतं. वाचनखूण साठवली.

केळीबाग

आलो. आता बागेचं ऐका.

मे महिन्यात केळीची कटाई चालू असली की बाहेरच्यांना वाटतं बागेत गारवा असेल. सावली असते, पण खाली ठिबक चालू, वर पानांची गर्दी, वारा नाही. हवा इतकी दमट, की घाम सुकतच नाही. टोळीतला माणूस खांद्यावर उशी टाकून घड बांधापर्यंत वाहतो आणि परत फिरतो. दुपारी अकराच्या सुमाराला त्याची बंडी बघा. पाठीवर पांढरी वर्तुळं उमटलेली असतात, एकाच्या बाहेर एक. ती मिठाची. गेल्या हंगामात एक जवान पोरगा घड खाली ठेवून तिथंच बसला. उजव्या हाताची बोटं तळव्यात वळलेली, सरळच होईनात. दुसऱ्यानं बोट धरून ओढलं तर ओरडला. पोटरीत मोठा गोळा वर-खाली होताना नुसत्या डोळ्यांनी दिसत होता. पाणी तो सकाळपासून पोटभर पीत होता, ड्रममधलं गार पाणी. सावलीत बसवून मीठ-साखर-लिंबाचं पाणी घोट घोट दिलं, हातपाय चोळले, तासाभरानं सैल पडला.

तेव्हापासून आमच्या बांधावर दोन भांडी असतात. एकात पाणी, एकात मीठ घातलेलं ताक नाहीतर लिंबूपाणी. टोळी आणि सालदार, सगळ्यांना दर अर्ध्या तासाला थांबवतो. मुकादम आधी कुरकुरला, आता तोच हाक मारतो.

आणखी एक. आपण केळीला पोटॅश टाकतो, म्युरेट ऑफ पोटॅश, ते म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. ओआरएसच्या पुडीत मिठाबरोबर जे असतं तेही पोटॅशियम क्लोराइडच. झाड आणि माणूस, दोघांची गरज एकच, हे समजलं तेव्हा मला फार गंमत वाटली. (खताच्या गोणीतलं कुणी तोंडात घालू नका. ते खाण्यासाठी शुद्ध केलेलं नसतं.)

स्टेथो

केळीबाग, तुम्ही केलंत ते अगदी योग्य. घाम किती खारट हे माणसागणिक बदलतं, पण एका लिटर घामातून साधारण एक ते चार ग्रॅम मीठ जातं. उन्हात अंगमेहनत करणाऱ्याला तासाला लिटरभर घाम सहज येतो. म्हणजे त्याचा हिशोब आणि उशाशी तांब्या घेऊन ओसरीवर पडलेल्या अण्णांचा हिशोब एक नाही. एकाच्या शरीरातून मीठ वाहून जातंय, दुसऱ्याचं पाणी अडून राहतंय. दोघांना एकच सल्ला दिला की घोळ होतो.

नवीन माणसाला पहिला आठवडा-दोन आठवडे जास्त जपा. शरीर उन्हाला सरावलं की घाम लवकर सुटतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. पहिल्याच दिवशी पूर्ण पाळी लावू नका.

पाचोऱ्याचा_पुण्यातला

माझ्या हिंजवडीच्या ऑफिसात रोज सकाळी निम्मी मंडळी इलेक्ट्रोलाइटची पावडर बाटलीत हलवताना दिसतात. एसी २२ वर, पायऱ्याही चढत नाहीत. याचा काही उपयोग आहे का? माझी मामी म्हणते, "एवढ्या पैशात वर्षाचं मीठ येईल, आणि गहूपण."

स्टेथो

मामी बरोबर आहेत. नीट जेवणाऱ्या, घाम न गाळणाऱ्या निरोगी माणसाला वेगळ्या पावडरीची गरज नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते आणि आपण आधीच त्याच्या वर असतो. शेवभाजी, पापड, लोणचं, बिबडे, ठेचा यातूनच भरपूर जातं. बीपीच्या रुग्णाला मीठ कमी करा म्हणतो ते यासाठीच, आणि तो सल्ला उन्हाळ्यातही रद्द होत नाही.

निसर्गाकडे

मी थोडा वेगळा विचार मांडतो. हा सगळा घोळ पांढऱ्या रिफाइंड मिठाचा आहे. सैंधव वापरा, त्यात ८०-९० खनिजं असतात, बीपीही वाढत नाही. आमच्या घरी पूर्ण सैंधवच आहे.

रसायनसर

निसर्गाकडे, आदर राखून असहमत. सैंधव हेही बहुतांश सोडियम क्लोराइडच. बाकीची खनिजं असतात, पण चिमूटभर मिठात ती इतकी अल्प की त्यांनी गरज भागत नाही. मॅग्नेशियम हवं तर ज्वारी-बाजरीची भाकर, डाळी, शेंगदाणे आणि पालेभाज्या यातून कितीतरी जास्त मिळतं. आणि साध्या सैंधवात मिसळलेलं आयोडीन नसतं. लहान मुलं किंवा गर्भवती घरात असेल तर ही बाब मोठी आहे.

निसर्गाकडे

आयोडीनचा मुद्दा मान्य. घरात सून गरोदर आहे, आजच आयोडीनयुक्त मीठ आणतो. पण चव मात्र सैंधवाचीच चांगली, त्यावर मी ठाम!

धुळेकर

चवीवर मतदान घेतलं तर ठेचाच निवडून येईल.

सातपुड्यातली_सिस्टर

मी नंदुरबार जिल्ह्यात, डोंगराच्या बाजूला काम करते. तुम्ही उन्हाळ्याचं बोलताय, आमचा खरा हंगाम पहिल्या पावसानंतरचा. झऱ्याचं पाणी गढूळ होतं आणि लेकरांना जुलाब सुरू होतात. तिथं क्षार गेले की एका दिवसात मूल हातचं जातं. डोळे खोल, टाळू बसलेली, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश जागेवर जाते.

ओआरएस आशाताईंकडे आणि आरोग्य केंद्रात फुकट मिळतं. पण पुडी असून चुकतं कुठं ते सांगते. मोठी पुडी, साधारण २०.५ ग्रॅमची, एक लिटर पाण्यासाठी असते. मेडिकलमध्ये छोटीही मिळते, ती एका पेल्याची, २०० मिलीची. आई मोठी पुडी पेल्यात टाकते, नाहीतर रोज थोडी थोडी चिमटीनं घालते. पहिल्या प्रकारात द्रावण फार खारट होतं, मुलाच्या रक्तात सोडियम वर जातं, झटके येतात. म्हणून मी घरात शिरले की आधी विचारते, "पाणी कशात मोजतेस?" मग तीच बाटली हातात घेऊन खूण करून देते. पुडी एकदम पूर्ण ओतायची, पाणी पूर्ण एक लिटर, २४ तासांनी उरलेलं फेकायचं. चमच्यानं घोट घोट. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून परत. अंगावरचं दूध चालूच. सोबत झिंकची गोळी १४ दिवस, जुलाब थांबले तरी.

पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. सपाट म्हणजे चमचा भरल्यावर वरून सुरीच्या पाठीनं ढीग सारून टाकायचा. मुलाला देण्याआधी स्वतः चाखा. अश्रूंपेक्षा खारट लागलं तर फेकून नवं करा. आणि हाडाचा सापळा झालेलं कुपोषित मूल असेल तर घरी प्रयोग नको, त्याचं क्षारांचं गणितच वेगळं असतं. सरळ दवाखाना.

निशिगंधा

सिस्टर, सुरीच्या पाठीची युक्ती आज घरात सगळ्यांना करून दाखवली. एक शंका. यात साखर कशाला? मधुमेह असेल तर नुसतं मीठ-पाणी चालेल का?

जुना_वाचक

साखरेशिवाय ते काम करत नाही, आणि त्यामागचा इतिहास सगळ्यांना माहीत असावा असं मनापासून वाटतं.

आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम जोडीनं आत जातात. रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये हे मांडलं. जुलाबात बाकीचे रस्ते बिघडले तरी हा दरवाजा उघडा राहतो, आणि सोडियम-ग्लुकोजच्या मागोमाग पाणी आत येतं. १९७१ मध्ये बांगलादेशातून निर्वासितांचे लोंढे आले, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून ड्रमनं ठेवलं आणि नातेवाइकांच्या हाती पेले दिले. छावणीतला मृत्युदर ३० टक्क्यांच्या आसपास होता, तो ४ टक्क्यांच्या खाली आला. तेव्हा बऱ्याच डॉक्टरांचा यावर विश्वास नव्हता. पुढे १९७८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं या शोधाला शतकातली बहुधा सगळ्यात महत्त्वाची वैद्यकीय प्रगती म्हटलं. महालनबीस ऑक्टोबर २०२२ मध्ये गेले, त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. जिवंतपणी गावोगाव त्यांचं नाव माहीत असायला हवं होतं.

स्टेथो

निशिगंधाताई, जुलाब होत असतील तर मधुमेहींनीही ओआरएसच घ्यावं. लिटरमध्ये ग्लुकोज फक्त १३.५ ग्रॅम असतं. साखर तपासत राहायची, एवढंच. मात्र जुलाब नसताना रोजचं सरबत म्हणून ओआरएस पिऊ नका.

दुकानातले फळांच्या स्वादाचे डबे ही वेगळी गोष्ट. १०० मिलीला साखर १.३५ ग्रॅमच्या आसपास हवी. लेबलवर त्याच्या कितीतरी पट दिसली तर ते औषध नाही, सरबत आहे, आणि जास्त साखर आतड्यात पाणी ओढून जुलाब वाढवते. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी यासाठी वर्षानुवर्षं लढा दिला. शेवटी ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानं अशा पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला मनाई केली. तरी पाकीट उलटं करून वाचायची सवय लावा.

खापरावरची

बायकांचं कुणीच बोललं नाही, म्हणून लिहिते.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकी माहेरी येतात, घर भरलेलं, आणि ऐन उन्हात चूल पेटते. खापरावरच्या पुरणपोळ्या टाकायला बसलं की समोर जाळ, वर पत्रा. उठता येत नाही, कारण मांडा हातावर असतो. मग बाई पाणीच पीत नाही. शेतात खुरपायला जाणाऱ्या बायकांचं तर याहून वाईट. आडोसा नसतो, म्हणून सकाळपासून तोंडाला पाणी लावत नाहीत. लघवीला जळजळ, चक्कर, पायात गोळे, आणि घरी येऊन पुन्हा भाकरी. यावर लिंबूपाणी हा उपाय नाही. आडोसा बांधा आणि बाईला मधेच उठायची मुभा द्या.

आमच्याकडे आता चुलीजवळ कैरीच्या पन्ह्याची बरणी ठेवतो, गूळ-मीठ-वेलची घालून, आणि दर पाच-सहा पोळ्यांनंतर बसणारी बदलते. सासूबाईंनीच हा नियम केला.

केळीबाग

ताई, पटलं. उद्याच बांधावर जुन्या शेडनेटचा आडोसा उभा करतो. आमच्या टोळीच्या मागे वेचायला बायका असतात, त्या पाणी का टाळतात हे आज नीट कळलं.

भुसावळकर

माझा थोरला भाऊ डायलिसिसवर आहे. उन्हाळ्यात जो येतो तो केळी आणि नारळपाणी घेऊन येतो, प्रेमानं. आणि त्याला दोन्ही बंद! केळीच्या जिल्ह्यात राहून केळीला हात लावायचा नाही. पाहुण्यांना समजावून थकलो. कुणीतरी नीट लिहा, मी प्रिंट काढून दाराला लावतो.

स्टेथो

लावा दाराला : मूत्रपिंड निकामी असेल तर पोटॅशियम बाहेर पडत नाही. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी असतं. मध्यम केळ्यात ४०० मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं. निरोगी माणसाला हे वरदान, पण डायलिसिसच्या रुग्णाच्या हृदयाला धोका. त्यांच्या भाज्याही बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकळून, ते पाणी टाकून देतात.

"कमी सोडियमचं मीठ" म्हणून जे मिळतं त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असतं. जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी २०२५ मध्ये घरच्या वापरासाठी त्याची शिफारस केली, पण मूत्रपिंडाचे रुग्ण, गर्भवती आणि लहान मुलं त्यातून वगळली आहेत. टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन या बीपी-हृदयाच्या गोळ्यांनी पोटॅशियम वाढू शकतं, त्यांपैकी काही घेत असाल तरी आधी विचारा.

काचनळी

लॅबमध्ये काम करतो, थोडी भर. पोटॅशियम ६ आलं म्हणून घरचे रडत येतात. पुष्कळदा रक्त काढताना किंवा नेताना तांबड्या पेशी फुटलेल्या असतात आणि त्यांच्या आतलं पोटॅशियम बाहेर येऊन आकडा फुगतो. वरचं सीरम (रक्त गोठल्यावर वर राहणारं पाणी) लालसर दिसलं तर आम्ही नमुना परत मागतो. खेड्यातून मोटरसायकलवर, उन्हात पिशवी हँडलला लटकवून आलेल्या नळ्यांत हे फार होतं. रक्त काढताना मूठ जोरात उघडझाप करू नका. आणि साध्या इलेक्ट्रोलाइटच्या रिपोर्टमध्ये सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड एवढंच असतं. कॅल्शियम, मॅग्नेशियम वेगळं लिहून घ्यावं लागतं.

पाचोऱ्याचा_पुण्यातला

मॅग्नेशियमवरून आठवलं. आईला रात्री पोटरीत वांब येतात, शेजाऱ्यांनी मॅग्नेशियमच्या गोळ्या दिल्या. देऊ का?

स्टेथो

वयस्कांच्या रात्रीच्या वांबांवर मॅग्नेशियमच्या गोळ्यांचा फारसा फायदा दिसलेला नाही. झोपण्याआधी पोटऱ्या ताणण्याचा व्यायाम करून बघा. मात्र त्या ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेत असतील, लघवीची गोळी चालू असेल किंवा जुलाब राहत असतील तर मॅग्नेशियम खरोखर कमी असू शकतं. ते कमी असलं की पोटॅशियमही वर येत नाही, कितीही द्या. तपासून मगच गोळी.

अमळनेरकर

आमच्या गावात जरा अशक्तपणा वाटला की "दोन बाटल्या लावा" म्हणतात. डॉक्टर नाही म्हणाला तर दुसऱ्याकडे जातात. बाटली चढली की माणूस उठून बसतो हे मात्र मी डोळ्यांनी पाहिलंय.

स्टेथो

५०० मिली सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ आणि अर्धा लिटर पाणी असतं, बस. ज्याला तोंडानं पिता येतं, त्याला तेवढंच तोंडानं मिळतं. पोटॅशियम आणि ग्लुकोज तर ओआरएसमध्ये वरून जास्त. उलट्या थांबत नाहीत, शुद्ध हरपतेय, रक्तदाब पडलाय, तिथं बाटली जीव वाचवते. हृदय कमजोर असलेल्याला उगाच चढवली तर फुफ्फुसात पाणी भरतं.

उष्माघाताचंही इथंच सांगतो. अंग तापलेलं, ४० अंशांच्या वर, आणि माणूस बडबडतोय किंवा बेशुद्ध : तोंडात काहीही ओतू नका, ठसका लागून श्वास अडकेल. सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगभर पाणी ओता, पंख्यानं वारा घाला, १०८ ला फोन करा. खिशात कांदा ठेवून काही होत नाही, जेवणात खा.

तापीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. पाकीट पाहिलं, गोळीत हायड्रोक्लोरोथायझाइडच होतं. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली, आजचं सोडियम १३६. पाण्याची मोठी बाटली त्यांनीच आखून दिली : तहान लागेल तसं, पण दिवसभरात तेवढंच. जेवणात वरण, भाकरी, ताक आणि एक उकडलेलं अंडं. मीठ सगळ्यांच्या भाजीत असतं तेवढंच, पापड-लोणचं बंद. १५ दिवसांनी परत तपासणी, आणि दर उन्हाळ्याच्या सुरुवातीला सोडियम, पोटॅशियम आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन. अण्णा अंड्यावर नाराज आहेत, पण खातात.

आता गावातली पोरं बसथांब्यावर पाणपोई लावतायत. माठात मीठ-लिंबू-साखर घालावं असं म्हणतात. घालावं का?

सातपुड्यातली_सिस्टर

सगळ्या माठांत नका घालू दादा. थांब्यावर बीपीवाले, साखरवाले, मूत्रपिंडवाले सगळेच येतात. साधं पाणी वेगळं, ताक वेगळं, आणि ताकाच्या माठावर मोठ्या अक्षरात "मीठ घातलेले" लिहा.

केळीबाग

ताकाचा माठ माझ्याकडून. दूध घरचंच आहे, रोज सकाळी नऊला पोचवतो. फक्त दुपारी उरलेलं संध्याकाळी कुणाला देऊ नका, आणि माठ रोज पालथा घालून घासायला एक जण नेमा.